छपरावरचे ओझे : माळवदापासून पत्र्यापर्यंत

छपराचा विचार आपण सहसा पावसाळ्याच्या तोंडावर करतो. कुठे गळते, कुठे कौल फुटले आहे, कुठला पत्रा गंजला आहे, एवढे पाहिले की वर्षभर वर मान करण्याची गरज पडत नाही. पण विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर छप्पर म्हणजे माणसाच्या डोक्यावर उंच तोलून धरलेले वजन. हे वजन किती असावे, ते कशावर तोलावे आणि ते जागचे हलू नये यासाठी काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक प्रदेशाने आपापल्या परीने शोधली. उन्हाच्या प्रदेशाने उन्हाला उत्तर दिले, बर्फाच्या प्रदेशाने बर्फाला. अडचण अशी की एका संकटाला दिलेले चोख उत्तर दुसऱ्या संकटात घातक ठरू शकते. मराठवाड्यात तेरणा नदीच्या काठी या गोष्टीची फार मोठी किंमत मोजावी लागली. म्हणून छपराच्या इतिहासाची सुरुवात तिथूनच करू.

तेरणाकाठची घरे

माकणी हे गाव धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. आज ते लोहारा तालुक्यात आहे. 1993 साली हा भाग उमरगा तालुक्यात होता. तेरणा नदीवरचे निम्न तेरणा धरण याच गावाजवळ आहे, त्यामुळे बाहेरच्या लोकांना माकणीची ओळख बहुधा धरणाचे गाव म्हणूनच असते. नदीच्या खोऱ्यात आसपास सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी गावे आहेत, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की लातूर जिल्ह्यातले किल्लारी.

या सगळ्या टापूत जमिनीखाली काळा कातळ आहे. दगडाला तोटा नाही, लाकूड मात्र जेमतेम, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. अशा ठिकाणी घर कसे बांधले जाणार, हे जवळजवळ ठरूनच गेलेले असते. नदीतले गोटे किंवा कातळाचे ओबडधोबड दगड घ्यायचे, चिखलात बसवायचे आणि भिंत रचायची. भिंत जितकी जाड तितके घर थंड आणि चोराचिलटांपासून सुरक्षित. दोन फुटांपासून पाच-सहा फुटांपर्यंत जाडीच्या भिंती या भागात सर्रास होत्या. अशी भिंत दिसायला एकसंध दिसली तरी ती बहुधा एक नसे. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती. दोन्ही रांगांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड फारसे वापरले जात नसत.

वर असायचे माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. माती कोणती वापरायची याचेही शास्त्र होते. शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून ती माळवदाला चालत नाही. जुन्या गावठाणातली पांढरी माती आणून ती पसरायची, चोपायची आणि पाणी वाहून जाईल असा हलका उतार ठेवायचा. घराचा आकारही लोक खणांत मोजत. माळवदावर धान्य वाळत घालावे, उन्हाळ्यात रात्री झोपावे. बाहेर ऊन रणरणत असताना आत मात्र गारवा. मातीचा थर दिवसा सावकाश तापतो आणि ती उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, इतका साधा हिशेब त्यामागे आहे.

ओझे कसे वाढत गेले

माळवद ही एकदा बांधून संपणारी गोष्ट नव्हती. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकावी लागे. पावसाने थोडी माती वाहून जाई, पण टाकलेली सगळीच जात नसे. वर्षाला सरासरी एक सेंटिमीटर माती जास्त शिल्लक राहिली असे धरले, तर पन्नास वर्षांत अर्धा मीटर थर होतो. आजोबांनी घातलेल्या तुळयांवर नातवाच्या काळात दुप्पट-तिप्पट ओझे असू शके. ते कुणी एकदम चढवलेले नसल्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नसे. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना 30 सेंटिमीटरपासून 80 सेंटिमीटरपर्यंत जाडीचे थर आढळले.

या थराचे वजन किती होते ते विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल. चोपलेल्या मातीची घनता दर घनमीटरला सुमारे 1,700 किलो धरू. अर्धा मीटर जाडीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला 850 किलो भरते. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशा साध्या खोलीवर 12 चौरस मीटर छप्पर असते. म्हणजे त्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर दहा टनांहून जास्त माती, एका भरलेल्या ट्रकाएवढे वजन.

तुलनेसाठी एक वेगळा आकडा घेऊ. हिमालयात किंवा युरोपातल्या आल्प्स पर्वतात हिवाळ्यात छपरावर साचून दबलेल्या बर्फाची घनता दर घनमीटरला साधारण 200 ते 300 किलो असते. 850 किलो वजन व्हायला असे बर्फ तीन ते चार मीटर साचावे लागेल. तेरणाकाठी बर्फ कधीच पडत नाही. पण तिथली छपरे बारा महिने, पिढ्यानुपिढ्या, तीन-चार मीटर बर्फाएवढे ओझे वाहत उभी होती. आल्प्समधल्या छपराचे ओझे वसंतात वितळून तरी जाते. माळवदाचे ओझे दरवर्षी थोडे वाढायचे.

30 सप्टेंबर 1993

उभे ओझे सहन करणे ही एक गोष्ट आणि आडवा हिसका सहन करणे ही दुसरी. खांब व भिंती सरळ खाली येणारे वजन शंभर वर्षे पेलू शकतात, कारण दगडाला दाबाचे वावडे नसते. भूकंपात मात्र जमीन आडवी हलते. पाया जमिनीबरोबर सरकतो, पण छपराचे वजन आपल्या जडत्वामुळे जागीच राहू पाहते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे या हिसक्याचे बल वस्तुमानाच्या पटीत वाढते. जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक-पंचमांश धरले, तर दहा टन मातीच्या छपरावर दोन टन वजनाएवढे बल आडवे लागते, तेही भिंतीच्या अगदी माथ्यावर. त्याच खोलीवर पत्रा आणि लोखंडी पाइप मिळून दोनशे किलोचे छप्पर असेल, तर हेच बल चाळीस किलोवजनाएवढे होते.

1992 च्या पावसाळ्यापासूनच किल्लारी भागाला लहान लहान धक्के बसत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या धक्क्याने काही घरांना तडेही गेले होते. तरीही हा प्रदेश भूकंपाचा समजला जात नव्हता. त्या काळच्या भारतीय मानकात तो सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात मोडत होता. 1993 साली 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन आटोपून माणसे उशिरा झोपली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता निरनिराळ्या मापनपद्धतींनुसार 6.2 ते 6.4 एवढी भरली. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे 7,900 माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे 16,000 जखमी झाली. पहाटेची वेळ असल्यामुळे जवळजवळ सगळी माणसे छपराखाली होती.

धक्क्यात भिंतींच्या दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या. एक आत पडली, एक बाहेर. आधार गेल्यावर माळवद माती-लाकडासह खाली आले. दगडांच्या आणि मातीच्या ढिगात माणसांना हवाही मिळाली नाही. गल्ल्या अरुंद असल्यामुळे मदतीला आलेल्यांना वाट सापडेना. एक गोष्ट मात्र पाहणी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. काही घरांच्या भिंती पूर्ण ढासळल्या होत्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता. ज्या घरात सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे छप्पर भिंतीवर अवलंबून नव्हते. म्हणजे पारंपरिक बांधणी सगळीच वाईट होती असे म्हणता येत नाही. दोष होता तो अतिरिक्त वजनात आणि एकमेकांशी न बांधलेल्या भागांत.

माकणीजवळचे धरणही मातीचेच आहे. भूकंपात ते फुटले नाही. हा जलाशय आणि भूकंप यांचा काही संबंध असावा का, यावर पुढे अभ्यासकांत बरीच चर्चा झाली. आपल्या विषयापुरते एवढे लक्षात घ्यावे की धरणातली माती रुंद पायावर, उतरत्या बाजूंनी जमिनीवरच बसलेली असते. तीच माती उंच आणि सडपातळ आधारांवर ठेवली की गणित बदलते.

कोयना आणि कोबे

किल्लारीच्या आधी महाराष्ट्राला मोठा धक्का बसला होता तो 11 डिसेंबर 1967 रोजी कोयना परिसरात. तोही पहाटेचा आणि साधारण तितक्याच तीव्रतेचा. तेव्हा सुमारे दोनशे माणसे गेली. एवढ्या फरकाची कारणे अनेक आहेत. कोयनेच्या डोंगराळ भागात वस्ती विरळ होती, तर तेरणेच्या खोऱ्यात गावे दाट होती. पण त्याबरोबरच, भरपूर पावसाच्या कोयना भागात छपरे उतरती होती, कौलांची किंवा गवताची. अर्धा मीटर माती तिथे पहिल्याच पावसात वाहून गेली असती. पावसाला दिलेले उत्तर तिथे भूकंपातही उपयोगी पडले, कुणी तसे ठरवलेले नसताना.

किल्लारीनंतर सोळा महिन्यांच्या आत, 17 जानेवारी 1995 रोजी, जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. भूकंपशास्त्रात जपान जगाच्या पुढे. तरीही 6,400 हून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली बहुसंख्य जुन्या लाकडी घरांखाली. या घरांची छपरे मातीच्या थरावर बसवलेल्या जड कौलांची होती. कोबेच्या बाजूला तुफानी वारे येतात, त्यात उडू नये म्हणून छप्पर जड. वाऱ्याला दिलेले उत्तर भूकंपात उलटले. तेरणाकाठचा शेतकरी आणि कोबेचा कारागीर यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही, पण चूक एकाच जातीची होती.

पत्र्याचा जन्म

भूकंपानंतर तेरणाकाठी माती उतरली आणि पत्रा आला. हा पत्रा मुळात कुठून आला, तेही पाहू. लंडनच्या गोदीत काम करणारा अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने 1829 साली पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा मधोमध वाकतो. त्याला लाटांसारख्या पन्हळी पाडल्या की तोच पत्रा कित्येक पटींनी ताठ होतो. कागदाचा पंखा करून पाहिला की हे तत्त्व कळते. गोदीतल्या मोठ्या शेडवर भारी लाकूडकामाशिवाय छप्पर घालणे त्यामुळे शक्य झाले. पण लोखंड गंजते. 1837 साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर देण्याची पद्धत काढली. जस्त हवेशी आधी संयोग पावते आणि स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. थराला ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त काही काळ ती जागा सांभाळते.

पन्हळ आणि जस्त या दोन युक्त्या एकत्र आल्यावर पत्रा जगभर पसरला. वाहून न्यायला हलका, बसवायला सोपा, एकावर एक रचून जहाजात मावणारा. आपल्याकडे तो आधी रेल्वेच्या शेड, गोदामे, गिरण्या, छावण्या यांवर दिसू लागला आणि मग हळूहळू खेड्यांत पोचला. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे पाच किलो असते. मघाच्या 850 किलोंशी याची तुलना करावी.

1993 च्या हिवाळ्यात भूकंपग्रस्त गावांच्या बाजूला पत्र्याच्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या. महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. आणखी हजारो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते, आणि ते काम घरमालकांनी स्वतः करून घ्यायचे होते. यात लोकांना माहिती देण्यासाठी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावागावांतल्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. मजबुतीकरणाच्या सूचना सोप्या होत्या. माळवदावरची जास्तीची माती उतरवा. भिंतीत आरपार जाणारे बंधदगड घाला. दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग पट्टा फिरवा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपा टेकू द्या.

पण भीतीचेही एक वजन असते. कित्येक कुटुंबे पक्के घर मिळाल्यावरही रात्री पत्र्याखालीच झोपत. दगडाच्या भिंतीपेक्षा पत्रा बरा, अंगावर पडला तरी जीव जाणार नाही, हा विचार अनुभवातून आलेला होता आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबरही होता. 2002 साली भारतीय मानकाच्या सुधारित आवृत्तीत पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला.

हलक्या छपराची दुखणी

पत्र्याने भूकंपाचे भय कमी केले, पण दोन जुनी संकटे परत आणली. पहिले ऊन. अर्धा मिलिमीटरचा पत्रा काही मिनिटांत तापतो आणि खाली उष्णता फेकू लागतो. माळवदाखाली जो गारवा फुकट मिळत होता तो गेला. पत्र्याखाली तुराट्यांचे किंवा फळ्यांचे छत घालून मध्ये हवा खेळती ठेवणे आणि पत्र्याला वरून चुना किंवा पांढरा रंग देणे, हे त्यावरचे स्वस्त उपाय. दोन्हींचे वजन नगण्य आहे, म्हणून ते चालतात.

दुसरे संकट वाऱ्याचे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाआधी जी वादळे येतात त्यांत पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो. वारा छपरावरून वेगाने जाताना वरच्या बाजूचा दाब कमी होतो. दार-खिडकीतून आत शिरलेली हवा खालून रेटा देते. दोन्ही मिळून छप्पर वर उचलले जाते. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे. वेग मीटर-प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि 0.6 ने गुणा. दाब न्यूटन-प्रतिचौरस मीटरमध्ये मिळतो. वेग 30, म्हणजे ताशी 108 किलोमीटर असेल, तर दाब 540 न्यूटन येतो. हा सुमारे 55 किलो वजनाएवढा झाला. प्रत्यक्ष उचल छपराच्या आकारावर आणि उघड्या दारांवर अवलंबून कमी-जास्त होते. पण पत्र्याचे स्वतःचे वजन फक्त पाच किलो आहे, हे लक्षात घेतले की पुढचे सांगायला नको.

खेडोपाडी यावरचा ठरलेला उपाय म्हणजे पत्र्यावर दगड ठेवणे. हिशेब करून पाहू. 12 चौरस मीटरच्या छपराला चौरस मीटरला 50 किलोप्रमाणे धरून ठेवायचे तर 600 किलो दगड लागतील. एवढे कुणी ठेवत नाही, त्यामुळे मोठ्या वादळात दगडांसकट पत्रा जातो आणि वर उडालेला दगड खाली कुणाच्या तरी अंगावर येतो. आणि कुणी खरोखरच 600 किलो ठेवले, तर ज्या ओझ्यापायी इतकी माणसे गेली तेच ओझे आपण डोक्यावर परत चढवले असे होईल. भूकंपात हे सुटे दगड आधी घरंगळतील.

बर्फाच्या देशातले उत्तर

छपरावर दगड ठेवण्याची युक्ती आपलीच नाही. आल्प्स पर्वतातल्या जुन्या घरांवर लाकडाच्या चपट्या फळ्या नुसत्या एकावर एक पसरत, त्यांवर आडवे वासे टाकत आणि वर दगड ठेवत. खिळा महाग होता, दगड फुकट होता. त्या छपरांचा उतार कमी असे. त्यामुळे हिवाळ्यात पडलेले बर्फ वासे आणि दगड यांना अडून जागीच राही. याचा फायदा असा की बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून त्याच्या थराखाली घर उबदार राहते. लडाखमध्ये तर आपल्या माळवदासारखीच मातीची सपाट छपरे आहेत. तिथे पाऊस आणि बर्फ दोन्ही बेताचे, म्हणून ती चालतात. बर्फ जास्त पडले की माणसे वर चढून ते फावड्याने ढकलून देतात.

मग तिथेही पन्हळी पत्रा पोचला. सिमला, काश्मीर, आल्प्स, उत्तर जपान, सगळीकडे धातूची उतरती छपरे आली. पत्रा गुळगुळीत असल्यामुळे बर्फ आपोआप घसरून जाईल ही सोय वाटली. पण ते हळूहळू घसरत नाही. दिवसेंदिवस बर्फ साचत राहते. मग ऊन पडते किंवा घरातली ऊब वर पोचते, पत्र्याला लागून असलेला पातळ थर वितळतो आणि त्या पाण्यावरून सगळे बर्फ एकदम निसटते. दारासमोर उभ्या माणसावर, गुरांवर, शेजारच्या बुटक्या छपरावर ते टनावारी कोसळते. यातून बर्फ अडवणाऱ्या पट्ट्यांची गरज निर्माण झाली. जपानमध्ये अशा अडणीला 'युकिदोमे' म्हणतात. शब्दाचा अर्थच बर्फ थांबवणारा.

या अडणीचे काम बर्फ कायमचे धरून ठेवण्याचे नसते. ते जागच्या जागी वितळेपर्यंत किंवा तुकड्यातुकड्याने उतरेपर्यंत थोपवण्याचे असते. तिच्यावर किती जोर येतो? छपराच्या दर चौरस मीटरवर 200 किलो बर्फ आहे आणि उतार 30 अंशांचा आहे असे धरू. उताराच्या दिशेने येणारे बल म्हणजे वजन गुणिले साइन 30, म्हणजे निम्मे, 100 किलोवजन. छपराची उतरती लांबी पाच मीटर असेल आणि घर्षण जवळजवळ नाहीच असे मानले, तर वळचणीच्या प्रत्येक मीटरला 500 किलो वजनाएवढा रेटा येतो. वळचणीला एकच पट्टी लावली तर ती उखडून बर्फाबरोबर खाली जाते आणि अधिकच धोक्याची ठरते. म्हणून अडणी छपरावर अनेक ओळींत विभागून लावतात, प्रत्येक ओळीवर थोडा थोडा भार यावा म्हणून.

त्या बसवायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. पत्र्याला भोक पाडले की गळती आणि गंज यांना वाट मिळते. शिवाय नुसत्या पत्र्याला जोडलेली अडणी पत्र्यालाच फाडते. म्हणून जिथे पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत दुमडून उभी शिवण केलेली असते, तिथे ती शिवण बाहेरून चिमट्याने आवळतात आणि त्या चिमट्यांना आडवी दांडी जोडतात. पन्हळी पत्र्यात मात्र भोक पाडावेच लागते. तेव्हा ते खालच्या आडव्या पाइपावर किंवा वाशावर येईल असे पाडतात, म्हणजे बर्फाचा जोर पत्र्यावर न थांबता घराच्या सांगाड्यात उतरतो. सांगाडाही तेवढे बर्फ पेलणारा असावा लागतो, कारण बर्फ घसरून जाईल हे गृहीत धरून बांधलेल्या छपरावर अडणी लावल्या तर सगळे वजन वरच राहते.

धरून ठेवणारी साखळी

बर्फाळ प्रदेशातल्या कारागिराने जो धडा घेतला तो माकणीच्या पत्र्यालाही लागू आहे. त्याच्याकडे बल उताराने खाली येते, आपल्याकडे वाऱ्याने वर जाते, भूकंपात आडवे जाते. दिशा कोणतीही असो, वजन वाढवून बल थोपवू नये. छप्पर सांगाड्याला बांधून ते बल जमिनीपर्यंत पोचवावे. पत्रा पाइपाला, पाइप तुळईला, तुळई भिंतीतल्या पट्ट्याला किंवा खांबाला, आणि खांब पायाला बांधलेला असावा. यात एक कडी सुटी राहिली की बाकीच्या कितीही मजबूत असल्या तरी उपयोग नाही.

पत्रा पाइपाला हुक बोल्टने आवळतात. बोल्टचे भोक पन्हळीच्या उंच भागावर पाडावे, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. बोल्टखाली डांबरी किंवा रबरी वायसर हवा. वाऱ्याची उचल वळचण, आढे आणि कोपरे या ठिकाणी सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे बोल्ट जवळ जवळ लावावेत. पत्र्याचा भाग भिंतीबाहेर फार लांब काढू नये. हे सगळे करायला लागणारे लोखंड वजनात काही किलो भरते, आणि ते शेकडो किलो दगडांचे काम करते.

एका अर्थाने छपराचा इतिहास म्हणजे आठवणींचा इतिहास आहे. माळवदाला उन्हाची आठवण होती, भूकंपाची नव्हती. पत्र्याला भूकंपाची आठवण आहे, वाऱ्याची आणि उन्हाची मात्र तो विसरला. 1993 नंतर जन्मलेल्या पिढीने तो भूकंप पाहिलेला नाही. तिच्यासाठी ती आठवण आता शाळेनेच जपायला हवी. भूकंपाची तारीख पाठ करून हे काम होणार नाही. आपल्या डोक्यावर काय आहे, ते किती जड आहे आणि ते कशाने बांधले आहे, हे प्रत्येक मुलाला सांगता आले पाहिजे.

वर्गात करून पाहण्यासारखे

1. चार पेन्सिली मातीच्या गोळ्यांत उभ्या करून वर पुठ्ठा ठेवा आणि टेबल आडवे हलवा. मग पुठ्ठ्यावर जाड पुस्तक ठेवून तसेच हलवा. शेवटी पेन्सिलींच्या कोपऱ्यांत तिरप्या काड्या बांधून पुन्हा पाहा.

2. साधा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवून त्यावर नाणी ठेवा. नंतर त्याच कागदाला पन्हळी पाडून किती नाणी मावतात ते मोजा.

3. कागदाची पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकर मारा. पट्टी वर का उचलली जाते यावर चर्चा करा.

4. स्टीलच्या ताटावर ओला, जड फडक्याचा बोळा ठेवून ताट हळूहळू तिरपे करा आणि तो कोणत्या कोनाला घसरतो ते मोजा. नंतर ताटावर मेणाने काडीपेटीच्या काड्या आडव्या चिकटवून तोच प्रयोग करा. आधी एक ओळ, मग तीन ओळी.

5. शाळेचे, घराचे किंवा गोठ्याचे छप्पर पाहून विद्यार्थ्यांनी नोंद करावी : छप्पर कशाचे आहे, दर चौरस मीटरला अंदाजे वजन किती, वर सुटे दगड किती, बोल्ट किती अंतरावर आहेत, वायसर शाबूत आहेत का. पाहणी खालून आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करावी. मुलांनी पत्र्यावर चढू नये. ही नोंद वळवाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी झाली, तर ती गावाच्याही उपयोगी पडेल.